पैसा आधी की नंतर? सिनेमा, खेळ आणि सरकारची तिजोरी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी तीन घेतले आहेत.)



आजचा विषय वरवर पाहता रुक्ष आहे. अनुदान म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? जीआर, फाइल, शिक्का, आणि 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे वाक्य. त्यामुळे मी सुरुवात फाइलपासून करत नाही, एका घरापासून करतो. गहाण पडलेल्या घरापासून.

साल १९५२. हेलसिंकीला ऑलिम्पिक होतं. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव कुस्तीसाठी जाणार होते. त्याआधी १९४८ मध्ये ते लंडनला जाऊन आले होते आणि तिथे सहावे आले होते. तेव्हा प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. पण १९५२ पर्यंत संस्थान विलीन झालेलं होतं. संस्थानाची तिजोरी गेली आणि नव्या सरकारची तिजोरी अजून अशा कामाला उघडत नव्हती. मग गावोगावी वर्गणी निघाली. खाशाबा ज्या राजाराम कॉलेजात शिकले, तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा गेले, आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडलं, लिअँडर पेसचं. मध्ये ४४ वर्षं गेली.

खाशाबांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली, ते पोलीस खात्यात नोकरीला लागले, १९८४ मध्ये अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो त्यानंतर सोळा वर्षांनी, मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं.

आता दुसरी गोष्ट. २००४ साल. 'श्वास' या मराठी चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालं. 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठी चित्रपटाला हा मान मिळत होता. भारतातर्फे ऑस्करसाठीही 'श्वास'च गेला. पण ऑस्करला नाव पाठवून भागत नाही. तिथे जाऊन राहावं लागतं, सदस्यांसाठी खेळ लावावे लागतात, जाहिरात करावी लागते. हा खर्च निर्मात्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. मग काय झालं? पुन्हा वर्गणी. लोकांनी पैसे गोळा केले, त्यात शाळकरी मुलंसुद्धा होती.

मधली बावन्न वर्षं बघा. एकीकडे पैलवान, दुसरीकडे चित्रपट. दोघांच्याही छातीवर देशाचं नाव. आणि दोघांसाठीही झोळी फिरवावी लागली.

आपण अशा गोष्टी अभिमानाने सांगतो. लोकांचं प्रेम बघा, असं म्हणतो. ते प्रेम खरंच आहे. पण या गोष्टींकडे मी हिशेबनीस म्हणून बघतो तेव्हा मला एक प्रश्न पडतो. 'सरकार किती पैसे देतं' हा प्रश्न सगळेच विचारतात. मला विचारायचंय, सरकार पैसे कधी देतं? कामाच्या आधी की कामाच्या नंतर? माझं म्हणणं असं की रकमेपेक्षा या 'कधी'वर जास्त गोष्टी ठरतात. मुख्य म्हणजे, खेळात आणि सिनेमात कोण उतरू शकतं आणि कोण उंबऱ्यावरूनच परत जातं, हे त्यावर ठरतं.

सरकारने काय काय केलं

आधी सरकारची बाजू नीट समजून घेऊ, कारण सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल.

१९४९ मध्ये केंद्र सरकारने चित्रपट चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबईचे स. का. पाटील. समितीचा अहवाल १९५१ मध्ये आला. समितीने म्हटलं की या धंद्याला कर्ज देणारी संस्था हवी, शिक्षण देणारी संस्था हवी, जुने चित्रपट जपणारी संस्था हवी. अंमलबजावणीला वेळ लागला, पण ती झाली. १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन आलं. त्याच वर्षी पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६४ मध्ये पुण्यातच चित्रपट संग्रहालय आलं.

खेळाकडे बघा. फिल्म इन्स्टिट्यूटच्या पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. तिथे प्रशिक्षक तयार होऊ लागले. म्हणजे एकाच काळात सरकार दोन्ही क्षेत्रांत एकच विचार करत होतं, की आधी शिकवणाऱ्या संस्था उभ्या करू.

पुढचा टप्पाही जोडीनेच आला. १९८० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीमध्ये विलीन झालं. १९८२ मध्ये दिल्लीला एशियाड झालं आणि त्यासाठी उभ्या केलेल्या स्टेडियमांचं पुढे काय करायचं, या गरजेतून १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण, आपलं 'साई', आलं.

अलीकडच्या योजना तुम्हाला माहीत असतील. २०१४ मध्ये 'टॉप्स' आली. ऑलिम्पिकची शक्यता असलेल्या खेळाडूचा सराव, प्रशिक्षक, साहित्य, परदेशदौरे यांचा खर्च, आणि शिवाय हातखर्चाला महिना ५० हजार रुपये. २०१८ पासून 'खेलो इंडिया' सुरू झाली. तिच्यात निवडलेल्या मुलामुलींसाठी वर्षाला पाच लाख, असे आठ वर्षांपर्यंत.

यात आणखी एक गोष्ट धरायला हवी, जी कुठल्याच योजनेच्या नावात नाही. ती म्हणजे सरकारी नोकरी. खाशाबा पोलिसात होते. पॅरिसला २०२४ मध्ये नेमबाजीत कांस्य जिंकणारा आपला कोल्हापूरचा, कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत टीसी होता. धोनीही एके काळी टीसीच होता. रेल्वे, पोलीस, सैन्यदल ही आपल्याकडची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात भरवशाची क्रीडा योजना आहे. दरमहा पगार येतो, आणि तो पदक मिळण्याच्या आधी येतो. हे 'आधी' लक्षात ठेवा.

नंतरच्या पैशाचा हिशेब

आता 'नंतर'च्या पैशाकडे येऊ.

पदक मिळालं की बक्षिसांचा पाऊस पडतो. हरियाणा ऑलिम्पिक सुवर्णाला सहा कोटी देतं, कांस्याला अडीच कोटी. स्वप्नीलला महाराष्ट्राने आधी एक कोटी जाहीर केले. मग तुलना झाली, नाराजी झाली आणि नव्या धोरणात कांस्यपदकाला दोन कोटी ठरले. त्या काळात आपल्याकडे चर्चा फक्त एकच होती, एक कोटी की दोन कोटी? खेळाडूला मिळालेल्या पैशाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. त्याने तो घामाने कमावलाय. पण हा पैसा पदक घडवत नाही. पदक घडून गेल्यावर तो येतो.

एक साधा हिशेब मांडू. स्वप्नीलचा प्रकार होता ५० मीटर रायफल, तीन स्थिती. पात्रता फेरीत ६० गोळ्या झाडायच्या. आता समजा एखादी मुलगी या प्रकाराचा सराव करतेय, दिवसाला १०० गोळ्या, महिन्याचे २५ दिवस. झाल्या अडीच हजार. गोळीचा भाव कमीजास्त असतो, आपण हिशेबापुरते ४० रुपये धरू. महिन्याला एक लाख रुपये फक्त गोळ्यांना. रायफल वेगळी, जॅकेट वेगळं, प्रवास वेगळा. शिक्षकाच्या किंवा शेतकऱ्याच्या घरातली मुलगी हा खर्च आठ-दहा वर्षं करणार कशी? तिला तुम्ही सांगा, 'बाळ, पदक आण, मग दोन कोटी देतो.' ती पदकापर्यंत पोचणारच नाही. तिची रायफल दुसऱ्याच वर्षी विकली गेलेली असेल.

मग पोचतं कोण? २००८ मध्ये अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं. अफाट मेहनत, अफाट एकाग्रता, यात वाद नाही. पण त्याच्या घरच्यांनी त्याला घरातच शूटिंग रेंज बांधून दिली होती, हेही खरं आहे. सगळ्यांच्या घरी ते होत नाही. स्वप्नीलकडे रेंज नव्हती. त्याच्याकडे राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी होती आणि नंतर रेल्वेचा पगार होता. दोन्ही आधीचे पैसे. बक्षिसाच्या चर्चेत आपण नेमकं हेच विसरलो. महाराष्ट्राला ७२ वर्षांनी वैयक्तिक पदक मिळालं, त्यात बक्षिसाच्या रकमेचा वाटा शून्य होता आणि प्रबोधिनीचा मोठा होता.

हाच हिशेब मराठी सिनेमाला लावून बघू. आपल्या राज्याची अनुदान योजना साधारण अशी आहे : चित्रपट आधी तयार करायचा, सेन्सॉर करून घ्यायचा, मग तो परीक्षण समितीपुढे जातो. समिती गुण देते आणि त्यावरून दर्जा ठरतो. गेल्या दशकात 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख असा हिशेब होता. रक्कम वाईट नाही. पण ती येते कधी? चित्रपट पुरा झाल्यावर, आणि त्यानंतरही फाइलचा प्रवास पुरा झाल्यावर.

समजा एका निर्मात्याने हेच ४० लाख बाजारातून उचलले. शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे ४० लाखांना महिना ८० हजार व्याज. शूटिंग सुरू होण्यापासून अनुदान हातात पडेपर्यंत दीड वर्ष गेलं असं धरा. अठरा महिन्यांचं व्याज झालं १४ लाख ४० हजार. म्हणजे सरकारने दिले ४० लाख, सिनेमाला पोचले २५ लाख ६० हजार, बाकीचे सावकाराला. सरकारी पैसा एक रुपयानेही न वाढवता तो फक्त वेळेवर दिला असता तर सिनेमाला १४ लाख जास्त मिळाले असते.

आणि दर्जा मिळेलच याची खात्री नाही. तेव्हा हा जुगार कोण खेळू शकतो? ज्याच्याकडे पैसे आहेत किंवा ज्याला कुणी उधार देतं तो. पहिला चित्रपट करू पाहणारी, गावाकडून आलेली, ओळखपाळख नसलेली व्यक्ती या हिशेबात बसतच नाही.

थोडक्यात, नंतरचा पैसा बहुतेक वेळा त्यालाच मिळतो, ज्याच्याकडे आधीचा पैसा असतो.

आधीच्या पैशाचे धोके

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे, सगळं आधी द्या. इतकं सोपं असतं तर मला हे व्याख्यान द्यावं लागलं नसतं. आधी पैसे दिले की काय होतं, त्याचा अनुभव आपल्या देशाला आहे.

फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचंच बघा. साठच्या दशकाच्या शेवटी त्यांनी धोरण बदललं आणि नव्या, वेगळ्या वाटेच्या दिग्दर्शकांना कर्ज द्यायला सुरुवात केली. मृणाल सेन यांचा 'भुवन शोम', बासू चटर्जींचा 'सारा आकाश', मणी कौल यांचा 'उसकी रोटी' हे त्यातूनच झाले. थोड्या वर्षांनी एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' आला. आज आपण ज्याला समांतर सिनेमा म्हणतो, त्याची ही सुरुवात. कर्जाच्या रकमा किरकोळ होत्या.

पण यातले बरेच चित्रपट थेटरात पोचले नाहीत. कर्ज फिटेना. १९७६ मध्ये संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने यावर टीका केली : जनतेचे पैसे देता, चित्रपट कुणी बघत नाही, वसुली होत नाही, हे कसं चालेल? टीका अगदीच चुकीची होती असं मी म्हणणार नाही. जनतेचा पैसा आहे, विचारणा व्हायलाच हवी. पण कॉर्पोरेशनकडे स्वतःची थेटरं नव्हती. घोड्याला चारा दिला, पळायला रस्ता दिला नाही, आणि मग शर्यत हरला म्हणून चारा बंद करा म्हणालो.

एनएफडीसीच्या काळात 'जाने भी दो यारों' आला, १९८३ मध्ये. त्यावेळच्या मानाने अगदीच स्वस्तातला चित्रपट. तेव्हा तो फार चालला नाही. आज चाळीस वर्षांनीही तो लोक बघतात. आता सांगा, हा पैसा बुडाला की वसूल झाला? पहिल्या आठवड्यात मोजलं तर बुडाला, आणि चाळीस वर्षांनी मोजलं तर त्या पैशाइतकी चांगली गुंतवणूक क्वचितच झाली असेल.

म्हणजे आधीच्या पैशात दोन अडचणी आहेत. एक, कुणाला द्यायचा हे काम दिसण्याआधी ठरवावं लागतं. तिथे वशिला शिरतो. दोन, यश कधी आणि कशाने मोजायचं हे ठरवावं लागतं.

दुसऱ्या अडचणीचं उत्तम उदाहरण ब्रिटन आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनला एकच सुवर्ण मिळालं आणि पदकतालिकेत ते ३६ वे आले. देशभर नामुष्की. १९९४ मध्ये त्यांनी राष्ट्रीय लॉटरी सुरू केली होती. तिच्या उत्पन्नाचा ठरावीक भाग खेळ, कला, सिनेमा यांना जातो. हा पैसा अव्वल खेळाडूंच्या तयारीसाठी आधी द्यायला सुरुवात झाली. चार वर्षांनी सिडनीत ११ सुवर्णं आली, २०१२ मध्ये लंडनला २९. आधीचा पैसा काय करू शकतो, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणं कठीण आहे.

पण माप एकच होतं, पदक. ज्या खेळात पदकाची आशा, त्यालाच पैसे. त्यामुळे बास्केटबॉल, जो तिथली गरीब वस्त्यांतली पोरं मोठ्या संख्येने खेळतात, त्याचा निधी २०१४ मध्ये बंद झाला. बॅडमिंटनला तर २०१६ च्या रिओमध्ये कांस्य मिळालं, आणि काही महिन्यांतच त्यांचा निधी थांबवण्याचा निर्णय झाला. पदक आणूनही पैसे गेले, कारण पुढच्या पदकाची खात्री वाटत नव्हती.

तिथल्या सिनेमाची गोष्ट आणखी बोलकी आहे. लॉटरीचा पैसा सिनेमाला वाटणारी यूके फिल्म कौन्सिल ही संस्था होती. तिने 'द किंग्ज स्पीच'ला दहा लाख पौंड दिले होते. २०१० मध्ये नव्या सरकारने काटकसर म्हणून ही संस्था बंद करायचं जाहीर केलं. आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्याच चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पीक हातात आलं तेव्हा पेरणारा घरी निघाला होता. संस्थेचं काम पुढे दुसऱ्या संस्थेकडे गेलं, ते ठीकच. पण यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. खेळाडू घडायला आठ-दहा वर्षं लागतात, चित्रपटाला कल्पनेपासून पडद्यापर्यंत चार-पाच वर्षं सहज जातात. निवडणुकीचं वर्ष पाहून आखलेली योजना त्यांना पुरी पडत नाही.

फ्रान्सचे दोन खिसे आणि आपली जुनी युक्ती

मग कुणाला जमलंय का हे? फ्रान्सची व्यवस्था मला अभ्यासण्यासारखी वाटते, कारण तिथे सिनेमा आणि खेळ दोन्हींना एकच तत्त्व लावलंय.

फ्रान्समध्ये सिनेमाच्या प्रत्येक तिकिटावर साधारण पावणेअकरा टक्के आकार घेतला जातो. तो सर्वसाधारण तिजोरीत जात नाही. तो १९४६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जातो. हॉलिवूडचा चित्रपट असला तरी आकार आहेच. म्हणजे हॉलिवूड बघणारा प्रेक्षकही फ्रेंच सिनेमाला हातभार लावतो.

हा पैसा दोन खिशांतून बाहेर येतो. पहिला खिसा आपोआप उघडणारा. तुमचा चित्रपट जितका चालला, त्या प्रमाणात तुमच्या नावे रक्कम जमा होते, पण ती तुम्ही खिशात घालू शकत नाही, पुढच्या चित्रपटातच घालावी लागते. दुसरा खिसा निवडीचा. पटकथा वाचून, चित्रपट होण्याआधी आगाऊ रक्कम मिळते. त्यात पहिला चित्रपट करणाऱ्यांसाठी वेगळी समिती असते, म्हणजे नवख्याची स्पर्धा मुरलेल्याशी होत नाही.

आणि खेळात? सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क विकले जातात, त्यावर तिथे पाच टक्के आकार आहे, आणि तो हौशी, स्थानिक खेळाकडे वळवला जातो. श्रीमंत खेळाने गरीब खेळाला हात द्यायचा.

आता गंमत बघा. यातला पहिला खिसा आपल्याकडे होता! १९७० च्या दशकात महाराष्ट्र सरकारने मराठी चित्रपटांसाठी करपरताव्याची योजना आणली. प्रेक्षकाने तिकिटावर भरलेला करमणूक कर निर्मात्याला परत मिळायचा, पण पुढचा मराठी चित्रपट काढण्यासाठी. म्हणजे कागदावर तो नंतरचा पैसा होता, पण प्रत्यक्षात पुढच्या चित्रपटाच्या आधी हातात येणारा. त्या काळात मराठी चित्रपटाचा श्वास चालू राहिला, त्यात या परताव्याचा मोठा वाटा होता. तिच्यात उणीव होती ती दुसऱ्या खिशाची. ज्याचा चित्रपट चालला त्यालाच परतावा, नवख्याला काहीच नाही. पुढे परतावा जाऊन अनुदान आलं, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर करमणूक कराचं ते जुनं रूपच संपलं.

शेवटचा टप्पा : पडदा आणि मैदान

एक मुद्दा राहिला. समजा पैसा आधी मिळाला, चित्रपट झाला, खेळाडू तयार झाला. पुढे काय?

चित्रपटाला पडदा लागतो, खेळाडूला मैदान. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक पुरस्कारप्राप्त चित्रपट लागायचे. आमच्या पिढीने मल्याळी, बंगाली, कन्नड चित्रपट पाहिले ते तिथेच, खालच्या अक्षरांवर नजर ठेवून. तो सरकारचा पैसा होता आणि त्याचा उपयोग मोठा होता. आज मराठी चित्रपटाला सकाळी नऊचा खेळ मिळतो आणि प्रेक्षक आले नाहीत म्हणून तो शुक्रवारचा चित्रपट सोमवारी उतरतो. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवावा असा नियम आला, केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. नियम असूनही तक्रारी थांबलेल्या नाहीत.

मैदानांचंही तेच. तालुक्याला क्रीडा संकुल बांधायला पैसा मंजूर होतो, कारण बांधकामाचं उद्घाटन करता येतं. पण तिथे प्रशिक्षकाचा पगार, मॅट बदलणं, रात्रीचे दिवे, मुलींसाठी स्वच्छतागृह, यांचं उद्घाटन होत नसतं. म्हणून त्यांना पैसा नसतो.

मग करायचं काय?

माझ्या चार सूचना आहेत.

पहिली. चित्रपटाचं अनुदान टप्प्याटप्प्याने द्या. थोडं पटकथेला, थोडं शूटिंगच्या सुरुवातीला, थोडं संकलनाला, उरलेलं प्रदर्शनानंतर. प्रत्येक टप्प्यावर काम दाखवा, पुढचा हप्ता घ्या. घरकुलाचे हप्ते जोत्याला, भिंतीला, छताला देतो, तसं सिनेमाला का नको?

दुसरी. पहिलटकरांचा वेगळा हिस्सा ठेवा, सिनेमातही आणि खेळातही. त्यात रकमा लहान असाव्यात पण संख्या मोठी असावी. दहातले सात फसतील हे आधीच मान्य करा. फसणं म्हणजे भ्रष्टाचार नव्हे. भ्रष्टाचार ओळखायला हिशेब तपासा, निकाल नव्हे.

तिसरी. निवड समितीची मुदत ठरलेली असावी, आणि कुणाला का दिलं, कुणाला का नाकारलं, याची कारणं जाहीर व्हावीत. वशिल्याला सगळ्यात जास्त भीती लिहून ठेवलेल्या कारणाची वाटते.

चौथी. बक्षिसं जरूर द्या. पण बक्षीस वाढवताना त्याच बैठकीत विचारा, प्रबोधिनीत किती जागा वाढवल्या? दोन कोटींचं बक्षीस एकाला मिळतं. खेलो इंडियाच्या दराने, वर्षाला पाच लाखांप्रमाणे, तेवढ्यात चाळीस मुलांचं एक वर्ष निघतं.

खर्डेकर सरांनी घर गहाण ठेवलं तेव्हा पदक मिळेल याची कुणी हमी दिली नव्हती. त्यांनी आधी पैसे दिले. एका प्राचार्याने १९५२ मध्ये जो धोका पत्करला, तेवढाच धोका सरकारने पत्करावा, इतकीच माझी अपेक्षा आहे.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : शाळा आणि दवाखान्यांना पैसे नसताना सिनेमाला सरकारने पैसे का द्यावेत?

रास्त प्रश्न आहे. शाळेचा पैसा सिनेमाला द्या असं मी म्हणणारच नाही. पण आपण २०० रुपयांचं तिकीट काढतो तेव्हा त्यात १८ टक्क्यांच्या जीएसटीने साधारण तीस रुपये कर असतो. म्हणजे सिनेमा सरकारला आधीच देतोय. त्यातला एक ठरावीक वाटा परत सिनेमाकडे वळवा, एवढंच. शाळेच्या ताटातला घास कुणी मागत नाहीये.

प्रश्न : क्रिकेटकडे एवढा पैसा आहे, तो इतर खेळांना का मिळत नाही?

क्रिकेट बोर्ड सरकारी अनुदान घेत नाही, तेव्हा त्यांना थेट काही सांगता येत नाही. पण फ्रान्ससारखा विचार करून बघा. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे प्रक्षेपण हक्क सुमारे ४८,३९० कोटींना विकले गेले. त्याचे पाच टक्के म्हणजे सुमारे २,४२० कोटी, वर्षाला ४८४ कोटी. खेलो इंडियाची २०२५-२६ ची तरतूद १,००० कोटी होती. म्हणजे तिच्या जवळपास निम्मे पैसे एकट्या आयपीएलमधून उभे राहतील. कायदा करावा लागेल, वाद होतील. पण हिशेब अशक्य नाही.

प्रश्न : सरकार पैसे देणार म्हणजे सिनेमा सरकारचं कौतुक करणारा होणार नाही का?

ही भीती खरी आहे. उतारा एकच, पैसा सरकारचा असला तरी निवड सरकारची नको. निवड त्या क्षेत्रातल्या माणसांनी, ठरलेल्या मुदतीत, जाहीर कारणं देऊन करावी. 'जाने भी दो यारों' सरकारी महामंडळाच्या पैशातून झाला आणि त्याने बिल्डर, अधिकारी, वर्तमानपत्रं, कुणालाच सोडलं नाही. तेव्हा हे होऊ शकतं. ते आपोआप होत नाही, इतकंच.